नायकाला आवाज कुणाचा?

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, खेळणाऱ्यांमध्ये एक वाद गेली पंधरा-वीस वर्षं चालू आहे. गेममधल्या नायकाने स्वतःच्या तोंडाने बोलावं, की त्याची उत्तरं फक्त पडद्यावर अक्षरांत दिसावीत आणि खेळणाऱ्याने ती मनातल्या मनात म्हणावीत? पहिल्या प्रकारात कंपनी एखादा कलाकार घेते आणि स्टुडिओत त्याच्याकडून हजारो वाक्यं बोलून घेते. दुसऱ्या प्रकारात राजा, शिपाई, दुकानदार, भिकारी सगळे बोलतात, नायक तेवढा गप्प. बहुतेक जण याला आवडीनिवडीचा प्रश्न समजतात. आमचं म्हणणं वेगळं आहे. हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे आणि तो तसाच मांडला पाहिजे.

आम्ही म्हणजे वस्तीत काम करणारे चार-पाच जण. दिवसा शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीच्या दाखल्यांची कागदपत्रं, रेशन कार्डातल्या चुकलेल्या नावांच्या दुरुस्त्या. शनिवारी रात्री अभ्यासिका रिकामी झाली की तिथल्याच जुन्या कॉम्प्युटरवर गेम. माउस एकाच्या हातात आणि मागे सात-आठ डोकी. काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हे पटत नाही. त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे की आपली पोरं या पडद्यासमोर तासन्‌तास बसतात. तिथे माणसाची कोणती गोष्ट सांगितली जाते, कोण नायक होतो आणि कोण होत नाही, हे आपण पाहायचं नाही तर कुणी पाहायचं?

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. अशा न बोलणाऱ्या पात्राला इंग्रजीत जे म्हणतात त्याचं शब्दशः मराठी होतं 'मूक नायक'. हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर दुसरंच काही येतं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या 'मूकनायक'चा नायक मुका नव्हता. ज्यांना बोलू दिलं गेलं नाही त्यांचा तो नायक होता. गेमचा आणि त्या पत्राचा काही संबंध नाही, ओढूनताणून तो आम्ही जोडणारही नाही. पण या एका शब्दातून एक भेद मात्र हाती लागतो. ज्याचा आवाज ऐकू येत नाही तो आणि ज्याला उत्तर द्यायचा अधिकारच नाही तो, ही दोन वेगळी माणसं आहेत. पुढचं सगळं विवेचन या भेदावर उभं आहे.

उदाहरण घेऊ 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'चं. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा हा गेम नोव्हेंबर २००९ मध्ये आला. सुरुवातीला खेळणाऱ्याला सहा जन्मकथांपैकी एक निवडावी लागते. कुणी सरदाराच्या घरात जन्मतो, कुणी शहरातल्या एल्फ लोकांच्या कोंडवाड्यात. त्यातली एक कथा ड्वार्फ समाजातल्या जातीबाहेरच्या माणसाची आहे. ऑर्झमार नावाचं जमिनीखालचं राज्य. तिथे सरदार, योद्धे, लोहार, व्यापारी अशा जाती जन्माने ठरलेल्या. मुलगा बापाची जात घेतो, मुलगी आईची. आणि या सगळ्यांच्या बाहेर 'कास्टलेस'. जन्मतःच त्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदतात. राहायला डस्ट टाऊन नावाची वेगळी वस्ती. ज्या पाषाणाला हा समाज पवित्र मानतो, त्या पाषाणानेच यांना नाकारलंय अशी सगळ्यांची श्रद्धा. म्हणजे बहिष्काराला धर्माची मान्यता आहे. हे लिहिणारे कॅनडात बसलेले होते, त्यांनी आपली व्यवस्था किती वाचली होती याच्यात आम्ही शिरत नाही. पण आपल्या पोरांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

या कथेत आपण शस्त्रांच्या स्पर्धेच्या आखाड्यात उतरतो. जातीबाहेरच्याला तिथे लढायची बंदी आहे. म्हणून दारू पिऊन पडलेल्या एका योद्ध्याचं चिलखत घालून, शिरस्त्राणात तोंड लपवून लढायचं. सामने आपण जिंकतो. मग तो खरा योद्धा धडपडत आखाड्यात येतो आणि सोंग उघडं पडतं. त्याच हातांनी, त्याच तलवारीने मिळवलेला विजय एका क्षणात गुन्हा ठरतो. एम.ए.ला समाजशास्त्रात राल्फ लिंटनचा अर्पित दर्जा आणि अर्जित दर्जा हा भेद आम्ही पाठ केला होता. १९३६ च्या पुस्तकातली ती व्याख्या पोरांना एवढ्या लवकर शिकवणारा दुसरा धडा आमच्या पाहण्यात नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या गेममध्ये नायक संवादात बोलत नाही. लढताना चार आरोळ्या ठोकतो तेवढंच. समोरच्याने हिणवलं की पडद्यावर चार-पाच पूर्ण वाक्यं येतात. एखादं नमतं घेणारं, एखादं टोमणा मारणारं, एखादं सरळ अंगावर जाणारं. निवडायचं आपण. आमच्या अभ्यासिकेत काय व्हायचं? इंग्रजी वाक्य एक जण वाचायचा, दुसरा त्याचं मराठी करायचा आणि मग भांडण सुरू. "आत्ता गप बसा, आधी काम होऊ द्या." "गप कशाला बसायचं? यानं आपल्याला काय म्हटलं ऐकलं नाही का?" नववीतली एक मुलगी प्रत्येक उत्तर आपल्या बोलीत, आपल्या ठसक्यात म्हणून दाखवायची आणि मगच माउसवाल्याला "दाब" म्हणायची. त्या ड्वार्फला आवाज नव्हता असं कोण म्हणेल? त्याला त्या रात्री आठ आवाज होते.

मार्च २०११ मध्ये दुसरा भाग आला, 'ड्रॅगन एज २'. यात नायक बोलतो. पुरुषासाठी एक कलाकार, बाईसाठी एक. आवाज उत्तम, अभिनय उत्तम. पण या भागात नायक फक्त माणूसच असू शकतो, आडनाव हॉक, आईचं घराणं सरदारांचं. एल्फ नाही, ड्वार्फ नाही आणि अर्थातच जातीबाहेरचा नाही. त्या मुलीने विचारलं, "दादा, आपलावाला यात कुठं निवडायचा?" निवडायचा नव्हताच.

इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की आवाज हे यामागचं एकमेव कारण नव्हतं. दोन गेममध्ये जेमतेम सोळा महिन्यांचं अंतर होतं, काम घाईचं होतं, आणि कंपनीला एकाच कुटुंबाची गोष्ट सांगायची होती. पण आवाजाचं गणित समजून घ्या. अक्षरांत लिहिलेलं एक वाक्य सहाही जन्मांच्या नायकांना चालतं. तेच वाक्य बोलायचं म्हटलं की पुरुषाचं वेगळं, बाईचं वेगळं रेकॉर्ड करावं लागतं. ड्वार्फ आणि एल्फ वेगळे ऐकू यायला हवे असतील तर पुन्हा दुप्पट, तिप्पट. प्रत्येक जन्माची खास उत्तरं हवी असतील तर आणखी भर. स्टुडिओचं भाडं, कलाकाराचा मोबदला, दिग्दर्शकाचा वेळ, सगळंच वाढत जातं. मग खर्च कुठे तरी कापावा लागतो. कात्री कुणावर चालते? सरदाराच्या नातवावर नाही चालत. बजेट आखडलं की पहिला कुणाचा निधी जातो, हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या भागात, २०१४ च्या 'इन्क्विझिशन'मध्ये, ड्वार्फ आणि एल्फ परत आले. पण आवाज किती? पुरुषासाठी दोन, बाईसाठी दोन, एक ब्रिटिश धाटणीचा, एक अमेरिकन. तुम्ही कुठेही जन्मलेले असा, बोलणार या दोनांपैकी एका उच्चारात. आणि पहिल्या भागात जो जन्म आपण तासभर खेळून पाहिला होता, तो इथे चार ओळींची माहिती होऊन उरला.

दुसरं उदाहरण 'फॉलआउट'चं. २०१० च्या 'न्यू व्हेगस'मध्ये नायक एक निरोप्या आहे, त्याचं मागचं आयुष्य जवळजवळ मोकळं सोडलेलं. संवाद सगळे अक्षरांत. तुमचं पात्र डॉक्टरकीत हुशार असेल तर वेगळं उत्तर दिसतं, बुद्धी कमी ठेवली असेल तर बावळट उत्तरंही दिसतात. २०१५ च्या 'फॉलआउट ४'मध्ये बेथेस्डा कंपनीने नायकाला आवाज दिला. दोन कलाकारांनी प्रत्येकी तेरा हजारांहून जास्त वाक्यं बोलली. केवढे कष्ट! पण पडद्यावर उरले चार पर्याय, बहुतेक वेळा दोन-तीन शब्दांचे. ते दाबल्यावर नायक नेमकं काय बोलेल हे आधी कळायचं नाही. खेळणाऱ्यांनी शेवटी स्वतःच जोडसॉफ्टवेअर, ज्याला मॉड म्हणतात, बनवून पूर्ण वाक्य पडद्यावर आणलं. आणि जन्म? तोही ठरलेला. पुरुष असाल तर माजी सैनिक, बाई असाल तर वकिलीची पदवी घेतलेली, लग्न झालेलं, तान्हं मूल असलेलं. ही संवादपद्धत नीट जमली नाही, हे गेमचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं. २०२३ मध्ये त्याच कंपनीचा 'स्टारफील्ड' आला तेव्हा नायक पुन्हा अक्षरांत बोलू लागला.

चार शब्दांचं बटण आणि पूर्ण वाक्य यातला फरक आम्ही 'मास इफेक्ट' खेळताना अनुभवला. २००७ चा हा गेम गाजला तो कमांडर शेपर्डच्या आवाजामुळेही, आणि जेनिफर हेल यांनी साकारलेली बाई शेपर्ड आम्हालाही आवडते. बाईला हुकूम देताना, सेनापतींना सुनावताना ऐकणं ही आमच्या मुलींसाठी लहान गोष्ट नव्हती. पण अभ्यासिकेतलं भांडण मात्र त्या गेमने बंद पाडलं. आम्ही त्या दोन-तीन शब्दांचा अर्थ लावेपर्यंत कुणी तरी बटण दाबायचं आणि शेपर्ड आपलं इंग्रजीत बोलून मोकळी. आमच्या तोंडात शब्द यायच्या आधीच उत्तर होऊन गेलेलं असायचं. आम्ही ठरवणाऱ्यांचे प्रेक्षक झालो.

कुणी म्हणेल, आवाज चांगला की वाईट, त्यात जन्माचा प्रश्न कशाला आणता? आम्ही आणत नाही. आवाजातच तो असतो. मराठीत तर फारच. तोंडातून 'पानी' निघालं की समोरचा तुमची वस्ती, तुमची शाळा, तुमच्या आजोबांचा धंदा सगळं मनातल्या मनात मांडून मोकळा होतो. आमच्यातला एक जण कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत बोलला. विषय पाण्याच्या वाटपाचा होता, आकडे पाठ होते. परीक्षकांनी मुद्द्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. 'न' आणि 'ण' यांवर मात्र पाच मिनिटं बोलले आणि सभागृह हसलं. त्याचं भाषण लिहून दिलं असतं तर त्याच परीक्षकांना मुद्दे वाचावेच लागले असते. अक्षराला उच्चार नसतो. म्हणून अक्षरात लिहिलेलं उत्तर ती नववीतली मुलगी 'पानी' म्हणत वाचू शकते आणि पुण्याच्या पेठेतला मुलगा 'पाणी' म्हणत. गेम दोघांनाही नायक मानतो. आम्ही खेळलेल्या एकाही आरपीजीत मराठी आवाज नव्हता. उद्या आलाच, तर तो कुणाच्या मराठीत बोलेल? आमचा अंदाज सांगायची गरज नाही.

आता उलट बाजूही मांडू, कारण एकतर्फी वकिली करायची नाही. गप्प नायक म्हणजे आपोआप मोकळा नायक, असं मुळीच नाही. १९८६ च्या पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये सोडवून आणलेली राजकन्या नायकाला प्रश्न विचारते. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. तुम्ही कितीही वेळा 'नाही' म्हणा, ती पुन्हा तेच विचारते, 'हो' म्हणेपर्यंत. याला आम्ही मुकेपण म्हणतो. तोंड आहे, पर्याय दिसतो, पण नकाराला किंमत नाही. ग्रामसभेत हात वर करायला लावून ठराव आधीच लिहून ठेवलेला असतो, तो प्रकार आणि हा प्रकार एकच. त्याच 'ड्रॅगन क्वेस्ट'चे जनक युजी होरी यांनी २०२४ मध्ये एक अडचण बोलून दाखवली. चित्रं जितकी खऱ्यासारखी होत जातील, तितका नुसता उभा राहणारा गप्प नायक खुळा दिसू लागेल. अडचण खरी आहे. सगळे रडताहेत आणि आपला नायक पुतळ्यासारखा बघतोय, हे आम्हीही पाहिलंय आणि हसलोय.

शिवाय खालच्या थरातल्या नायकाला आवाज देताच येत नाही असंही नाही. २०२४ च्या 'मेटाफर: रिफँटाझिओ'चा नायक एल्डा जमातीचा आहे. राज्यातली सगळ्यात तिरस्कृत जमात. त्याला आवाज आहे. 'द विचर ३'चा गेराल्ट लोकांच्या शिव्या खात त्यांचीच भुतं मारतो, त्यालाही आवाज आहे आणि तो शोभतो. पण नीट बघा. या दोन्ही गेममध्ये नायक एकच आणि आधीच ठरलेला आहे. 'ही याची गोष्ट आहे, ऐका' असा तो सरळ करार आहे, त्यात फसवणूक नाही. आमचा आक्षेप आहे तो 'तुम्हाला हवं ते व्हा' अशी जाहिरात करून, आवाजाच्या नावाखाली काय काय होता येईल याची यादी गुपचूप आखूड करण्याला.

आणि तंत्र पुढे गेलं म्हणून नायकाने बोललंच पाहिजे, हा समजही आता टिकत नाही. २०२१ मध्ये 'डिस्को एलिझियम'ची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात साऱ्या शहराला आवाज मिळाला, नायकाच्या डोक्यात भांडणाऱ्या चोवीस वृत्ती एका कलाकाराने बोलल्या, पण नायकाची स्वतःची उत्तरं अक्षरांतच राहिली. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये तर आणखी गंमत आहे. सोबती म्हणून भरभरून बोलणारं पात्र तुम्ही स्वतः खेळायला घेतलंत, की संवादात ते गप्प होतं आणि उत्तरं तुमच्याकडे येतात. पैसा कमी पडला म्हणून नव्हे. बोलायचा हक्क खेळणाऱ्याकडे राहावा म्हणून, असं आम्ही त्याचं वाचन करतो. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार त्यालाच मिळाला.

आता नवा उपाय पुढे येतोय. आवाज महाग पडतो ना, मग यंत्राकडून करून घ्या. एका कलाकाराचा नमुना घ्यायचा आणि त्यातून हवी तेवढी वाक्यं, हवे तेवढे जन्म. ऐकायला आमच्या तक्रारीचं उत्तरच वाटतं. पण अमेरिकेतले गेमचे कलाकार सॅग-आफ्ट्रा या संघटनेतून २६ जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर संपावर होते. संपाचा मुख्य मुद्दा हाच होता की आमचा आवाज यंत्राला द्यायचा असेल तर आमची संमती घ्या आणि मोबदला द्या. आवाज हे श्रम आहेत. एकाचे श्रम फुकटात काढून दुसऱ्याला प्रतिनिधित्व देणं आम्हाला मान्य नाही. डस्ट टाऊनच्या पोराला आवाज हवा, पण चोरलेला नको.

मग आपली भूमिका काय? मित्रांनो, 'नायक बोलतो का' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. कोणताही गेम हातात आला की तीन प्रश्न विचारा. पहिला, यात नायक म्हणून कुणाकुणाला जन्म घेता येतो? दुसरा, अपमान झाला तर किती प्रकारांनी उत्तर देता येतं आणि त्या उत्तराने पुढचं काही बदलतं का? तिसरा, ती उत्तरं कुणी लिहिली? आवाजाचा प्रश्न या तिघांनंतर येतो. तिघांची उत्तरं समाधानकारक असतील तर नायक बोलो वा न बोलो, तो आपला आहे. नसतील, तर जगातला सर्वोत्तम कलाकार आणला तरी तो परक्याच्या गोष्टीतलंच बोलणार.

तिसऱ्या प्रश्नावर आपल्याला आजच काम करता येतं. आवाजाला स्टुडिओ लागतो, अक्षराला लागत नाही. ट्वाइन नावाचं फुकट साधन आहे. ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी दिसते, कोडिंग फारसं यावं लागत नाही. वाक्य लिहायचं, त्याखाली पर्याय लिहायचे, प्रत्येक पर्यायातून पुढचा रस्ता काढायचा. आमच्या अभ्यासिकेतल्या तिघांनी असा एक गेम लिहायला घेतलाय. नायिका कॉलेजात प्रवेश घ्यायला आलेली मुलगी आहे आणि खिडकीपलीकडचा कारकून सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतो, "कोट्यातून का?" इथे काय काय उत्तर देता येईल? पोरांनी सात लिहिली आहेत. त्यातली दोन आमच्यातल्या कुणालाही सुचली नसती. आठवं तुम्हाला सुचत असेल तर लिहून पाठवा, तुमच्या बोलीत पाठवा, 'न'ला 'न'च राहू द्या.